आधी कान, मग डोळे, मग पुस्तक

विज्ञानाची गोडी लागावी म्हणून काय वाचायला द्यावं, असं मला पालक विचारतात. हल्ली निवृत्त झालेली मंडळीही स्वतःसाठी विचारतात. मी सांगलीत शाळेत विज्ञान शिकवलं, आणि घरात गाणं होतं म्हणून तंबोऱ्याशेजारी वाढले. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे: पुस्तक सगळ्यात शेवटी उघडा. आधी काहीतरी नीट ऐका, मग काहीतरी नीट बघा. ज्याचं उत्तर मिळाल्याशिवाय चैन पडणार नाही असा एक तरी प्रश्न त्यातून पडू द्या. तो घेऊन पुस्तकाकडे गेलात की दहा पानंही पुरतात. प्रश्नाशिवाय गेलात तर तीनशे पानं वाचूनही हाती काही राहत नाही, हे मी वर्गात बघितलेलं आहे.

दुसरी अट अशी की एका वेळी एकच गोष्ट धरा. एक वाद्य किंवा एक चित्र. मोठ्या विज्ञान केंद्रात एका दुपारी सगळी दालनं पळत पाहिलेली मुलं बाहेर येऊन फक्त उपाहारगृहाबद्दल बोलतात. एकाच तारेपाशी तासभर बसलेलं मूल आठवडाभर प्रश्न विचारत राहतं.

तंबोऱ्यापासून सुरू करा

तंबोरा वाजवायला शिकावं लागत नाही. सहा वर्षांच्या मुलालाही तो छेडता येतो. तारा चारच: पंचमाची (प), जोडाच्या म्हणजे मध्य षड्जाच्या (सा) दोन, आणि खालच्या सप्तकातल्या सा ची खरज. घरी नसेल तर गावात गाण्याचा एखादा क्लास असतोच. तिथे शिकवणी सुरू होण्याआधीचा अर्धा तास मागून घ्या. गाण्याची माणसं अशा कामाला सहसा नाही म्हणत नाहीत. फोनमधल्या तंबोऱ्यावर ऐकण्यापुरतं भागतं, पण पुढचे प्रयोग हाताने करायचे आहेत.

पंखा बंद करा. खरजाची तार एकटीच छेडा आणि ती पूर्ण विझेपर्यंत ऐका. पहिल्यांदा एकच जाड सूर ऐकू येईल. आता मध्य सप्तकातला पंचम हळूच गुणगुणा, गप्प व्हा, आणि तार पुन्हा छेडून तोच सूर तिच्यात शोधा. सापडतो. मग तार, म्हणजे वरच्या, सप्तकातला गंधार (ग) गुणगुणा आणि तसंच करा. चार तारांपैकी एकही गंधाराची नाही, तरी गंधार तिथे वाजत असतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा गंधार पहिल्यांदा कानी पडतो तेव्हा माणसाचा चेहरा बदलतो, आणि तो बदल बघण्यासाठी मी हा प्रयोग अजून करून घेते.

आता हिशेब. मध्य षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरू, पेटीच्या काळी पाच पट्टीच्या किंचित वर. म्हणजे खरज १२०. तार पूर्ण लांबीने हलते तेव्हा १२०; त्याच क्षणी ती दोन, तीन, चार, पाच समान भागांतही हलत असते, त्यातून २४०, ३६०, ४८०, ६०० असे सूर येतात. ३६० हा २४० च्या दीडपट, म्हणजे पंचम. ६०० हा ४८० च्या सव्वापट, म्हणजे तार सप्तकातला गंधार. आवाजाचा आलेख काढणारं एखादं मोफत अॅप फोनवर घेतलंत तर ही शिखरं ओळीने उभी दिसतात. पण अॅप कानानंतर उघडा. आधी उघडलंत तर कान आळशी होतो.

मग पेटी आणा. तंबोरा पेटीच्या षड्जाला लावून घ्या, पेटीवर तार सप्तकातला गंधार धरून ठेवा आणि खरज छेडा. समान अंतरांच्या हिशेबाने लावलेल्या पेटीचा गंधार आपल्या उदाहरणात ६०० ऐवजी साधारण ६०४.८ येतो. दोन्ही सूर एकत्र आले की आवाज सेकंदाला चार-पाच वेळा लहरतो. ती लहर मोजता येते, आणि मोजून आलेला आकडा दोन सुरांच्या फरकाइतका असतो. पाठ्यपुस्तकातला विस्पंदांचा धडा तो हाच. पेटी गंधार ट्यूनिंगची, म्हणजे गंधार तंबोऱ्याशी जुळवून लावलेली, असेल तर लहर फार कमी होईल. तसं झालं तर ती लावणाऱ्याचं कौतुक करा आणि साध्या ट्यूनिंगची दुसरी पेटी शोधा.

तिसरा प्रयोग माझ्या सगळ्यात आवडीचा. गिटार मिळवा, एक तार बरोबर मधोमध, म्हणजे बाराव्या पट्टीवर छेडा. आवाज पोकळ येतो. तार जिथे छेडली तिथे ती हलणारच. पण दोन भागांत किंवा चार भागांत हलायचं असेल तर मधला बिंदू स्थिर राहावा लागतो. म्हणून सम क्रमांकाचे सूर गळतात. हा नियम थॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जातो. आता तंबोऱ्याची तार बरोबर मधोमध छेडा. एरवीही आपण तो तिथेच, मध्याच्या आसपास छेडतो. नियमाप्रमाणे तोही पोकळ वाजायला हवा. वाजत नाही. भरून, झगमगत वाजतो, आणि अॅपवर सम क्रमांकांची शिखरं दिमाखात उभी असतात.

का? तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी. घोडीवरच्या तारेखालचा दोरा बाजूला सरकवा. आवाज मिटतो. दोरा हळूहळू परत आत सरकवत न्या. एका नेमक्या जागी जवारी, म्हणजे तो झगमगता भरलेला नाद, खुलते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उताराची असते. तार हलताना त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. प्रत्येक कंपनात तिची लांबी जराशी बदलत राहते. यंगच्या नियमात तारेची टोकं पक्की बांधलेली धरली आहेत. इथे एक टोक पक्कं नाही, म्हणून गळायला हवे होते ते सूर परत येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवरच्या निबंधात हीच गोष्ट मांडली. निबंध छोटा आहे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने त्यांचे निबंध इंटरनेटवर खुले ठेवले आहेत. इथवर आलेला माणूस, अकरावीतला विद्यार्थीसुद्धा, त्याचा गाभा समजून वाचू शकतो. नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाचा मूळ निबंध आपल्याला कळतोय, ही जाणीव मुलांना मिळाली पाहिजे. विज्ञानाबद्दलचं पुस्तक आणि खुद्द विज्ञान ह्यांतला फरक तिथे कळतो.

मिरजेला जा

आमच्यापासून मिरज जवळ आहे, पण लांबच्यांनीही एकदा वाट वाकडी करावी. सतारमेकर गल्लीत वाद्यं घडताना बघायला मिळतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी इथे हे काम सुरू केलं. घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

कारखान्यात शिरताना पहिल्या वाक्यात सांगा की वाद्य घ्यायचं नाही, बघायचं आहे. कारागीर कामात असतात. बसायला सांगतील तिथे बसा, फोटो विचारून काढा. मग थोडेच, पण नेमके प्रश्न विचारा. भोपळा कुठून येतो? (मंगळवेढा, पंढरपूरच्या बाजूने, असं ऐकायला मिळेल.) तो वाळल्यावर आतून किती जाड ठेवता? तबलीचं, म्हणजे भोपळ्यावरच्या झाकणाच्या फळीचं, लाकूड बोटाने ठोकून कशावरून पसंत करता? आणि सगळ्यात शेवटी: जवारी काढताना कान कशाकडे असतो? हा प्रश्न विचारल्यावर कानस हातात घेऊन घोडी घासणारा माणूस बऱ्याचदा बोलण्याऐवजी दाखवतो. दोन हात फिरवतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. रामनांनी जे लिहिलं ते त्याने वाचलेलं नसेल, पण त्याच्या हाताला ते पक्कं ठाऊक आहे. त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा. पुढे पुस्तक वाचताना ते शब्द पारिभाषिक शब्दांपेक्षा जास्त कामाला येतात.

ह्याच भागातली अजून एक गोष्ट मला विशेष प्रिय आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक स्वरभेद, प्रत्यक्ष मोजायच्या मागे लागले. मोजायला खात्रीचा गळा हवा. तो दिला किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांनी. १९१० मध्ये देवलांचं पुस्तक निघालं. त्यांचे सगळे निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी मान्य केले असं नाही, आणि तो वादही वाचण्यासारखा आहे. पण एक सरकारी नोकरीतला माणूस आणि एक गवई समोरासमोर बसून स्वर आकड्यांत पकडायला बघतात, हे चित्र मुलांना जरूर सांगा. खाँसाहेबांचं गाणं ध्वनिमुद्रिकांवर उपलब्ध आहे. ते लावा, आणि गंधार लागतो तिथे मघाचा तंबोरा आठवा.

तबल्याबद्दल थोडक्यात. स्टीलच्या वाटीवर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून बांधा, वर कोरडा रवा भुरभुरा आणि जवळ तोंड नेऊन एकच सूर मोठ्याने लावा. सूर बदला, रव्याची नक्षी बदलते. जिथे पडदा हलत नाही तिथे रवा गोळा होतो. जर्मनीच्या क्लाडनी यांनी धातूच्या पत्र्यावर अशा आकृत्या काढून १७८७ मध्ये छापल्या. साध्या पडद्याचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे अडनिडे येतात, म्हणून ताशाला नेमका सूर सांगता येत नाही. तबल्याला सांगता येतो, आणि ते करते मधली शाई. लोहचूर्ण आणि खळीचे थरावर थर घोटून मध्यभाग जड केला की ते अडनिडे सूर जागेवर येतात आणि एक, दोन, तीन, चार, पाच पटींत बसतात. १९२० मध्ये रामन यांनीच हे सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलं. घरात तबला असेल तर चाट (कडेची पट्टी), लव (मधला उघडा भाग) आणि शाई अशा तिन्ही ठिकाणी वाजवून आलेख बघा.

आता डोळे

१९२१ चं साल पुन्हा घ्या. त्याच वर्षी रामन बोटीने इंग्लंडला गेले. परतीच्या प्रवासात भूमध्य समुद्राचा निळा रंग त्यांना गप्प बसू देईना. तोवरचं प्रचलित उत्तर असं की समुद्रात आकाशाचं प्रतिबिंब दिसतं. रामनांच्या खिशात निकोल लोलक होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश एका ठरावीक कोनात ध्रुवीभूत असतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत होतात. लोलक फिरवून तो अडवता येतो. त्यांनी प्रतिबिंब अडवलं. निळाई गेली नाही, उलट गडद झाली. म्हणजे रंग पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा होता. तिथून सुरू झालेलं काम २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधापर्यंत, म्हणजे रामन परिणामापर्यंत, पोहोचलं. तोच दिवस आपण विज्ञान दिन म्हणून पाळतो.

हा प्रयोग चित्रांच्या प्रदर्शनात करता येतो. ध्रुवीभवन करणारा, म्हणजे पोलरॉइड काचांचा गॉगल घेऊन जा. काचेआड लावलेलं चित्र समोरून न बघता बाजूला सरका, इतकं की तुमची नजर आणि काचेवरची लंबरेषा ह्यांत साधारण ५६ अंशांचा कोन होईल. काचेवर खिडकीची चकाकी दिसेल. आता गॉगल डोळ्यांसमोर धरून सावकाश फिरवा. एका जागी चकाकी नाहीशी होते आणि काचेखालचे रंग उघडे पडतात. वार्निश केलेल्या तैलचित्रावरही हे बऱ्यापैकी जमतं. पहारेकऱ्याला आधी कल्पना द्या, नाहीतर तो घाबरतो. आणि फ्लॅश कधीही मारू नका. रंग उडण्याचं मोठं कारण प्रकाशच असतो, म्हणून तर अजिंठ्याच्या लेण्यांत उजेड मंद ठेवतात.

ह्यासाठी मी औंध सुचवते. सातारा जिल्ह्यातल्या ह्या गावी बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथे आहेत, आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं शिल्पही. सुट्टीचा दिवस आधी चौकशी करून निघा. आश्विनात तिथे संगीत महोत्सव भरतो, तेव्हा गेलात तर दोन्ही साधतं.

सगळी चित्रं बघू नका. एक निवडा, समोर वीस मिनिटं उभे राहा. प्रकाश चित्रात कुठून येतोय ते सावल्यांवरून ठरवा. लांबचे डोंगर निळसर का काढलेत ते विचारा. मधल्या हवेने विखुरलेला निळा प्रकाश आणि रामनांचा समुद्र ह्यांचं नातं तिथे दिसेल. रंगाच्या थरावरच्या बारीक भेगा बघा. जवसाच्या तेलात कालवलेला रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि थर कडक होतो. ते वर्षानुवर्षं चालू राहतं, थर ठिसूळ होत जातो, म्हणून भेगा.

घरी आलात की देवघराकडे किंवा आजोळच्या माजघराकडे वळा. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतीची जुनी छापील तसबीर अजून कितीतरी घरांत आहे. त्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. भिंग घेऊन सरस्वतीचा हात बघा. आजच्या छपाईत ठिपके नियमित जाळीत बसलेले असतात. ह्या तसबिरीत ते हाताने टिपल्यासारखे, अनियमित दिसतात. ही शिळाछाप. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचं, शिळा ओली करायची, मग तेलकट शाई फिरवायची. ओल्या जागी शाई बसत नाही, तेलकट जागी बसते. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत, एवढ्यावर सगळी कला उभी. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, आणि प्रत्येक शिळेवर कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे. तसबिरीत कुठे ओठांचा रंग किंचित सरकलेला दिसला तर तिथे कागद हलला होता.

अशा शिळांसाठी जगात नावाजलेली खाण बव्हेरियातल्या झोल्नहोफेनची. तिथली चुनखडी इतकी बारीक कणांची की सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किऑप्टेरिक्स ह्या आदिपक्ष्याच्या पिसांचे ठसेही तिच्यात उमटून राहिले. तो सांगाडा १८६१ मध्ये जगापुढे आला, डार्विनचा ग्रंथ निघून जेमतेम दोन वर्षं झाली होती. तसबिरीतल्या ठिपक्यापासून उत्क्रांतीच्या पुराव्यापर्यंत असा सरळ रस्ता आहे, आणि तो भिंगातून सुरू होतो.

आणि मग पुस्तक

एव्हाना तुमच्या वहीत प्रश्न जमले असतील. ते वेगळाले लिहून एकेकासाठी वाचा. पहिला थांबा मराठी विश्वकोश. वाईला तयार झालेला हा ठेवा आता इंटरनेटवर फुकट आहे, आणि ध्वनी, तंतुवाद्यं, शिलामुद्रण ह्यांच्या माहितीसाठी मी तो आधी उघडते. नोंद पूर्ण वाचायचा हट्ट नको. आपला परिच्छेद शोधा. समजला नाही तर वाद्याकडे परत जा, मग पुन्हा वाचा.

दुसरी पायरी जुन्या ग्रंथांची. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची, आणि ती पद्यात आहे. मराठी भाषांतरासह घ्या, पण श्लोक मोठ्याने म्हणा, ताल धरून. आता वृत्तांचा धडा आठवा: लघु एक मात्रा, गुरू दोन. चार मात्रा लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येतील? टाळ्या वाजवून मोजा, पाच. पाच मात्रा आठ प्रकारे, सहा तेरा प्रकारे. प्रत्येक आकडा मागच्या दोघांची बेरीज. शेवटी लघु ठेवला तर एक मात्रा कमीचे सगळे प्रकार त्याच्या आधी बसतात, गुरू ठेवला तर दोन कमीचे, कारण एवढंच. केरव्याच्या आठ मात्रांना ३४, झपतालाच्या दहांना ८९, त्रितालाच्या सोळांना १५९७. युरोपात हीच आकड्यांची माळ फिबोनाचीच्या नावाने ओळखतात; त्याचा ग्रंथ १२०२ मध्ये आला. आपल्याकडे छंदशास्त्राच्या अभ्यासकांना, हेमचंद्राला आणि त्याच्याही आधी विरहांकाला, ही मांडणी ठाऊक होती. हे अभिमानासाठी सांगत नाही. कवितेच्या मात्रा मोजता मोजता गणित जन्मतं, हे मुलांनी स्वतःच्या टाळ्यांतून अनुभवावं म्हणून सांगते.

लीलावतीत शेवटी अंकपाश नावाचा भाग आहे: दिलेले अंक किती क्रमांनी मांडता येतील, त्याचं गणित. पुढच्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याने संगीतरत्नाकरात तेच स्वरांना लावलं: सात स्वर, ५०४० क्रम. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याच सिंघणाचा ज्योतिषी होता आणि चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला, हे तिथल्या शिलालेखात आहे.

हे वाचण्याआधी करा. सा, रे, ग घ्या आणि प्रत्येक स्वर एकदाच येईल असे सगळे क्रम गा. सहा होतात. म मिळवा, चोवीस, ते वहीत एकाखाली एक लिहा, एकही सुटता कामा नये. प मिळवला की एकशेवीस. आता न लिहिता सांगा: सत्त्याण्णवावा क्रम कोणता? इथे अडलात की संगीतरत्नाकराचा स्वरगताध्याय काढा. मोठ्या ग्रंथालयात मराठी भाषांतर मिळतं. त्यात खंडमेरू नावाची आकड्यांची जिन्यासारखी मांडणी आहे, ती ह्याच प्रश्नासाठी केलेली आहे.